टाचण वहीचं लुगडं

त्या शुक्रवारी भीमसेन मास्तरांनी तोंड उघडलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं, असं त्यांच्या बायकोचं, मनुबाईंचं, आजही म्हणणं आहे. यात नवीन काही नाही. मास्तरांच्या आयुष्यातल्या बहुतेक प्रकरणांबद्दल मनुबाईंचं हेच म्हणणं असतं. पण या वेळी मास्तरांची बाजूही ऐकून घ्यायला हवी, कारण ती कुणीच ऐकून घेतली नाही.

प्रकरण साधं होतं. मास्तरांच्या टाचण वहीचं कव्हर फाटलं होतं. टाचण वही म्हणजे मास्तर उद्या वर्गात काय शिकवणार, ते आज लिहून ठेवायची जाडजूड वही. उद्या तेच शिकवतील याची खात्री नसते, पण लिहिलेलं असतं. मास्तर वडगावहून शहापुरातल्या शाळेत सायकलनं येत. वही कॅरियरला, वहीवर डबा, डब्यात आमटी, आणि रस्त्यात खड्डे. अशा परिस्थितीत खाकी कागदाचं कव्हर किती टिकणार? जूनपासून ऑगस्टपर्यंत तीन कव्हरं झाली. तिसऱ्याचे तुकडे शुक्रवारी मधल्या सुट्टीत हेडमास्तर मारुतीरावांच्या टेबलावर पडले.

मारुतीराव तरुणपणी होमगार्डमध्ये होते. त्यामुळे खाकी रंग दिसला की त्यांना बरं वाटे आणि दुसरा कुठला दिसला की संशय येई. त्यांनी वही दोन बोटांनी उचलली आणि सगळ्या शिक्षकांना दाखवली.

"भीमसेन, ही वही उघडी हाय. उघड्या वहीवर मी सही करत न्हाय."

सातवीच्या दोन पोरी खडू न्यायला आल्या होत्या. त्या फिस्सकन हसल्या. मास्तरांचं बिनसलं ते तिथं. हेडमास्तर बोलले तर बोलले, ते त्यांचं कामच आहे. पण ज्या पोरींना आपण पावकी-निमकी शिकवली त्यांनी हसावं?

"कागद टिकत न्हाई सर," मास्तर म्हणाले. "मी विणकराच्या घरातला माणूस. कापडाचं कव्हर घालतो. पेन्शनीपर्यंत हलायचं न्हाई."

"कापडाचं चालायचं न्हाय. खाकी कागदच पायजे. परिपत्रक हाय तसं."

"मग परिपत्रक दाखवा की."

कुणाच्या तरी बशीत चहा सांडला, तो सांडलेलाच राहिला. त्या शाळेत परिपत्रक बघायला मागायची चालच नव्हती. परिपत्रक वरून कन्नडमध्ये यायचं, मारुतीराव ते एकटे वाचायचे, लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर त्यातला मजकूर तोंडी सांगायचे. कन्नड सगळ्यांनाच येत होतं, तो प्रश्न नव्हता. शिक्षकांनी मधल्या सुट्टीत पेरू खाऊ नयेत, हेसुद्धा एका परिपत्रकात होतं म्हणे. तेव्हापासून शाळेत पेरू बंद होते.

"सोमवारी तपासणी हाय," मारुतीराव सावकाश म्हणाले. "इन्स्पेक्टर सायेब येनार. तेंनी वही नापसंत केली, की जांबोटी."

जांबोटीचं नाव निघालं की त्या शाळेतली माणसं आपोआप पाय वर घेत. तिकडं जंगल, बाराही महिने पडत असल्यासारखा पाऊस, बस येईल तेव्हा खरी आणि शाळेपर्यंत चालून जाताना पोटरीला जळवा. गेली कित्येक वर्षं मारुतीराव शाळा चालवत होते ती या एका गावाच्या नावावर.

"चालंल," मास्तर म्हणाले. हा आवाज आपलाच आहे हे त्यांना जरा उशिरा कळलं. "सोमवारी कापडाच्या कव्हरात वही आणतो. नापसंत झाली तर जांबोटीच्या बदलीचा अर्ज मी माझ्या हातानं लिहून देतो."

चौथीच्या सुलाबाई तेवढ्या हळूच म्हणाल्या, "मास्तर, मी देते की एक खाकी कागद." सुलाबाईंची बावीस वर्षं नोकरी झाली होती आणि कुणाचंही भांडण मिटावं म्हणून त्या कायम काही ना काही देत असत. मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. आता कागद घेणं म्हणजे पोरींचं हसणं मान्य करण्यासारखं होतं.

शनिवारी सकाळची शाळा. मास्तरांनी रीतसर अर्ज केला, की टाचण वहीस कापडी वेष्टन घालण्याची परवानगी मिळावी. मारुतीरावांनी तो परत केला, कारण समास सोडलेला नव्हता. समास सोडून दिला तर विषय लिहिलेला नव्हता. विषय लिहून दिला तर म्हणाले, वहीसंबंधीचा अर्ज वहीतच लिहून सादर करावा लागतो. मास्तरांनी वहीत लिहून सादर केला तर म्हणाले, कव्हर नसलेली वही दाखल करून घेता येत नाही. मास्तरांनी तिथंच परवानगीचा नाद सोडला आणि सायकल घरी पिटाळली.

घरी मनुबाई रहाटावर मागासाठी सुताच्या कांड्या भरत होत्या. सगळं ऐकून त्यांनी रहाट थांबवला.

"आनि शिवनार कोन?"

"तू."

"मी न्हाय बा. तुमी शाळंत बोलून आलासा, तुमीच शिवा. माझं हात कांड्या भरायला हाईत."

तेव्हा मास्तरांच्या ध्यानात एक चमत्कारिक गोष्ट आली. चार पिढ्या त्या घरात कापड तयार होत होतं, पण शिवणारं माणूस एकही नव्हतं. घरात सुई नव्हती. पोत्याला टाके घालायचं दाभण होतं. आणि कातरी तर नव्हतीच, कारण मास्तरांचे वडील सत्याप्पा यांचा कायदा होता, की मागावरून उतरलेल्या कापडाला घरात पातं लावायचं नाही. ताण्याचे, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताचे, मोकळे धागे विळ्यानं कापायचे, ते कापल्याशिवाय लुगडं मागावरून उतरणारच नाही. पण एकदा विणलं की विणलं. ते घरातून अखंड बाहेर जाणार. गिऱ्हाइकानं मग त्याचं काय करायचं ते करावं.

सत्याप्पांनी मागावरून न उठताच सगळं ऐकलं. जांबोटीचं ऐकून ते जराही दचकले नाहीत.

"जांबुटीत बायका लुगडी नेसत्यात न्हवं?"

"नेसत्यात की आप्पा."

"मग भ्यायाचं काय त्यात? आन ती वही हिकडं."

एक लुगडं नुकतंच उतरलं होतं आणि मागावर थोडा ताणा शिल्लक होता. सत्याप्पांनी सुताचा धागा लावून वहीची उंची मोजली आणि दुपारपर्यंत कापड विणून दिलं. हिरवंगार, दोन्ही अंगांना लाल काठ, आणि सुटे धागे वळून बांधलेले गोंडे. मास्तरांनी ते वहीवर धरलं. उंची तंतोतंत, केसाचाही फरक नाही. रुंदी मात्र सव्वा वार.

"आप्पा, हे लई रुंद झालं."

"मागाची रुंदी हाय ती. मी काय वहीसाठनं माग बारीक करू?"

आता खरं सांगायचं तर इथंच शहाण्या माणसानं थांबायला हवं होतं. मास्तर कापड घेऊन भावकू टेलरकडं गेले. भावकूचं दुकान खडेबाजारात, पण घर मास्तरांच्या शेजारी, आणि शनिवारी दुपारी तो ओट्यावर बसून गल्लीला सल्ले देत असे. त्यानं कापड उलटंसुलटं केलं.

"मास्तर, शिलाईला दोन बोटं जादा कुटं हाईत?"

पाठोपाठ सत्याप्पा आले होते. "जादा कशाला? वही वाढनार हाय काय?"

"आवं आप्पा, कापड दुमडाय नको? उंचीला कमी पडतंय आनि रुंदीला माप दुप्पट. द्या हिकडं. हितनं एक कातरी मारतो, तितला तुकडा हितं जोडतो..."

सत्याप्पांनी कापड उचललं, घडी घातली आणि काखेत मारलं. त्यांच्या चेहऱ्याकडं बघून भावकूनं कातरी मांडीखाली सरकवली.

"मग कापू नका," भावकू म्हणाला. "पर शिवनार कसं?"

"घड्या घालून शिवतो," मास्तर म्हणाले. आता त्यांना बापाचाही अपमान झाल्यासारखं वाटत होतं. दोन दिवसांत दोन अपमान झाले की माणूस काहीही शिवायला तयार होतो.

रविवारी सकाळी नाष्टा करून मास्तर पायजम्यात ओसरीवर बसले. पलीकडच्या बायाक्का गल्लीतल्या सगळ्यांच्या वाकळी-गोधड्या शिवायच्या. त्यांनी वाकळीची लांब सुई दिली, दोरा मेण लावून दुहेरी करून दिला, आणि गाठ अशी मारायला शिकवली की पुन्हा म्हणून सुटायची नाही. त्या गाठीबद्दल पुढं बोलावं लागेल. सुई ओवायला मास्तरांना अर्धा तास लागला. तोवर ओसरीसमोर माणसं जमली. एक म्हणाला सुई उलटी धरलीय, दुसरा म्हणाला टाके लहान घाला, तिसरा म्हणाला, गडीमाणसानं माग चालवावा, पण सुई हातात धरू नये. मास्तरांनी त्याच्याकडं असं बघितलं, की तो उठून लांब जाऊन बसला. पण गेला नाही.

कापड वहीच्या पुठ्ठ्यांभोवती गुंडाळलं तर दोन वेढे होऊन वर हातभर उरलं. उरलेल्याचं काय करायचं? मास्तरांनी त्याच्या निऱ्या केल्या. सात निऱ्या झाल्या. त्या पुढच्या बाजूला खोचल्या आणि राहिलेला पदर मागून आणून वरच्या कोपऱ्यात टाचला. उंचीला कापड जादा नसल्यामुळं टाका धरायला जागाच नव्हती. म्हणून सुई जरा आतून, जरा खोलवर घालावी लागत होती. बोटं सहा ठिकाणी टोचली. एकदा सुई मोडली, बायाक्कांनी दुसरी दिली आणि सोबत एक जुनी आठवण सांगितली, की त्यांच्या चुलत्यालाही असंच कायतरी करायची सवय होती.

दुपारी बाराला शेवटची गाठ बसली. मास्तर मोठ्या समाधानानं उभे राहिले, आणि वही त्यांच्याबरोबर उभी राहिली. गुडघ्यावर ठेवून शिवताना पायजमा आत सापडला होता. गल्लीनं जो आवाज केला तो कोपऱ्यावरच्या पॉवरलूमच्या वर ऐकू गेला म्हणतात. मनुबाई बाहेर आल्या, बघितलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. सत्याप्पांनी गंभीरपणे पाहणी करून निकाल दिला, की पायजमा बाजारचा आहे, त्याला कातरी चालेल. भावकूनं ओट्यावरून येऊन गुडघ्यावरचं कापड गोल कापून काढलं. वहीच्या पाठीवर पायजम्याचा पांढरा चांदवा राहिला तो राहिलाच. मास्तर गुडघा झाकत आत गेले आणि त्या दिवशी वहीकडं त्यांनी पुन्हा बघितलंही नाही.

वहीची खरी भानगड त्यांना सोमवारी पहाटे कळली. खोलवर टाके घालताना शेवटची लिहिलेली पानं कव्हराच्या आत शिवली गेली होती. त्यात सोमवारचंच टाचण होतं. सुई घालून गाठ सोडवायला बघितली, तर बायाक्कांची गाठ. नखं दुखली, गाठ हलली नाही. मनुबाई म्हणाल्या, अजून वेळ आहे, खाकी कागद घाला. मास्तर म्हणाले, "आता मी जांबुटीला गेलो तरी हीच वही घिऊन जानार." आणि सायकल काढली.

अकराला इन्स्पेक्टर साहेब आले. तेव्हा हेडमास्तरांच्या टेबलावर ओळीनं सात वह्या मांडलेल्या होत्या. सहा खाकी, आणि शेवटी एक हिरवीगार, काठाची, निऱ्यांची, वर-खाली गोंडे सोडलेली, उशीएवढी फुगलेली. साहेब पहिल्या सहांवर भराभर शेरे मारत आले आणि सातवीपाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"एन्री मास्तर, हे काय? वहीला लुगडं नेसवलंय?"

"कव्हर हाय साहेब. पेन्शनीपर्यंत टिकतंय."

"टिकेल की. आजचं टाचण दाखवा बघू."

मास्तरांनी घसा खाकरला. "पान आत शिवलं गेलंय साहेब."

मारुतीरावांनी खणातून कातरी काढून पुढं ठेवली. सरकारी वस्तू इतक्या पटकन सापडल्याचं त्या शाळेत पहिल्यांदाच घडलं. साहेब माणूस वाईट नव्हते, त्यांना अजून दोन शाळा करायच्या होत्या. ते म्हणाले, "एवढा पदर कापा, पान दाखवा. मी 'समाधानकारक' लिहितो आणि जातो."

एक कातरी मारायची होती, बस. खोटं कशाला सांगायचं, मास्तर घाबरले होते. जळवा दिसत होत्या, न येणारी बस दिसत होती, मनुबाईंचं तोंड दिसत होतं. पण त्या हिरव्या कापडात बापाची शनिवारची दुपार होती, आणि मारुतीराव कातरीच्या बाजूला बोट टेकून हसत होते.

"न्हाई साहेब," मास्तर म्हणाले. "आमच्या वडलांनी विणलंय. आमच्या घरात विणलेल्या कापडाला कातरी लावत न्हाईत. टाचण मी तोंडपाठ म्हणतो, तुमी ऐका."

आणि साहेब काही बोलायच्या आत त्यांनी म्हणायला सुरुवात केली. भूगोल, इयत्ता पाचवी, घटक नदी, उद्दिष्टं तीन, साहित्य नकाशा आणि तांब्याभर पाणी, प्रस्तावना, प्रश्न, फलकलेखन, गृहपाठ. कुठंही अडले नाहीत. टाचण वही पाठ असलेला मास्तर साहेबांनी सबंध नोकरीत पाहिलेला नव्हता. ते खुर्चीत टेकून बसले.

"पाठ आहे तर वहीला अडचण काय? तुम्ही का धरून बसलात हो, हेडमास्तर?"

"खाकी कागदाचं परिपत्रक हाय साहेब."

"खाकी? कुठलं परिपत्रक? दाखवा मला."

कपाट उघडलं. कपाटाला उघडायची सवय नव्हती, ते किंचाळत उघडलं. आत वर्षानुवर्षांच्या जुन्या टाचण वह्या, एक होमगार्डची टोपी, आणि वरच्या कप्प्यात परिपत्रकं. साहेबांनी हवं ते काढून मोठ्यानं वाचलं. टाचण वह्यांना टिकाऊ वेष्टन घालावे, एवढंच त्यात होतं. शिक्षकांनी पेरूंसाठी कान टवकारले होते, पण तो विषय कुठंच आला नाही.

"टिकाऊ म्हंजे खाकी, असं मी समजलो," मारुतीराव म्हणाले.

"आणि साहेब, जांबुटीचं?" मास्तरांनी विचारलं. आता विचारूनच टाकायचं होतं.

"जांबोटीचं काय? तिथं जागा कुठं आहे? तिथल्या मास्तरांनी म्हशी घेतल्यात, भात लावलंय. अकरा वर्षं झाली, बदलीची ऑर्डर गेली की आजारी पडतात."

सगळे शिक्षक मारुतीरावांकडं बघत राहिले. मारुतीराव जमिनीकडं. पण साहेब शेवटी साहेब होते. सगळ्यांसमोर हेडमास्तरांची एवढी शोभा झाल्यावर शाळा कशी चालणार, ही काळजी त्यांनाच होती. त्यांनी लाल पेन काढलं, कव्हराच्या आत न सापडलेलं एक कोरं पान शोधलं आणि लिहिलं, 'वेष्टन टिकाऊ. शिक्षक हट्टी आहेत. सुधारणा व्हावी.' वही मास्तरांकडं सरकवली. शेऱ्याखाली 'पाहिला' असं लिहून सही करायची, अशी रीत. साहेबांनी मारायचं आणि मास्तरांनी पाहायचं.

मास्तरांनी निळं पेन उघडलं आणि लिहिलं, 'पाहिला. मान्य नाही.' खाली सही, खाली तारीख.

साहेबांनी वाचलं. "असं लिहायची पद्धत नाही, मास्तर."

"पद्धत न्हाई साहेब. पर बंदी हाय का?"

साहेबांनी उघड्या कपाटाकडं पाहिलं, हातातल्या परिपत्रकाकडं पाहिलं, आणि म्हणाले, "बंदी काही दिसत नाही."

तेवढ्यात सुलाबाई उठल्या. कुणाला काही कळायच्या आत त्या कपाटापाशी गेल्या, खालच्या कप्प्यातल्या धुळीत हात घातला आणि एक जुनी वही ओढून काढली. पदरानं पुसली. पानं उलटत एका ठिकाणी थांबल्या. साहेबांनी डोकावून पाहिलं. बारा वर्षांपूर्वीच्या कुण्या साहेबांचा लाल शेरा होता, 'बाई वर्गात मुलांबरोबर हसतात. अयोग्य.' खाली सुलाबाईंच्या वळणदार अक्षरात 'पाहिला' आणि सही. त्या खोलीतल्या एकाही माणसानं आजवर सुलाबाईंना हसताना बघितलेलं नव्हतं. त्यांचा स्वभावच तसा, असं सगळे समजत होते.

"मास्तर, पेन द्या जरा," त्या म्हणाल्या.

त्यांनी उभ्यानंच लिहिलं. 'मान्य नाही.' शाई वाळेपर्यंत फुंकर घातली, पेनाला टोपण लावून मास्तरांना परत दिलं. मग त्यांची नजर टेबलावरच्या त्या लुगडं नेसलेल्या वहीवर गेली, तिच्या निऱ्यांवर, पाठीवरच्या पायजम्याच्या चांदव्यावर, आणि सुलाबाई हसायला लागल्या. एवढ्या मोठ्यानं, की चौथीचा वर्ग बाक सोडून पळत आला आणि बाईंना काय झालं ते बघायला दारात गोळा झाला.